चेंडूचा टप्पा आणि पालवणकर बाळू



परभणी जिल्ह्यांत जोंधळ्याच्या हंगामांत ज्यानें एकदां तरी शेताची राखण केली आहे, त्यास गोफणीचें शास्त्र निराळें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. दगड लांब जातो तो दंडाच्या जोरानें. पण तो नेमका कोठें पडावा हें ठरतें दोरी सोडण्याच्या क्षणावरून. नवशिका राखणदार पांखरांच्या थव्यावरच दगड भिरकावतो आणि आपल्याच शेतांतलीं चार कणसें मोडून घेतो. जुना राखणदार थव्याच्या पलीकडे, बांधाच्या अंगास दगड टाकतो, आणि थवा आपण होऊन उठतो. जोर दोघांचा सारखाच असतो. फरक असतो तो जागेचा.

हल्लींच्या शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल या अमेरिकन खेळांस स्थान मिळालेलें आहे. हे खेळ शिकणाऱ्या मुलामुलींच्या कानांवर आरंभापासून जो शब्द पडतो तो 'लोकेशन', म्हणजे चेंडूची जागा. चेंडू टाकणाऱ्यास तेथें पिचर म्हणतात आणि फलंदाजाच्या पाठीमागें बसून तो झेलणाऱ्यास कॅचर. फलंदाजापुढें जमिनींत एक पांढरी पाटी बसवलेली असते. तिची रुंदी १७ इंच, म्हणजे दोन वितींहून किंचित् कमी. त्या रुंदीवरून, आणि फलंदाजाचा गुडघा व छाती यांच्या दरम्यानच्या उंचीवरून, चेंडू जावयास हवा. बेसबॉलचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. हें अंतर १८९३ सालीं कायम झालें. सॉफ्टबॉलमध्यें मोठ्या मुलींसाठीं तें ४३ फूट असतें आणि चेंडू खालून हात फिरवून टाकावयाचा असतो. कॅचर बोटांच्या खुणेनें सांगतो कीं, पुढचा चेंडू कोणत्या जातीचा हवा, आणि मग आपला हातमोजा नेमक्या जागीं धरतो. पिचरनें फलंदाजाकडे पाहावयाचें नसतें. त्या मोज्याकडे पाहावयाचें असतें. अशा रीतीनें डोकें एकाचें आणि हात दुसऱ्याचा, असा दोघांचा मिळून एक गोलंदाज तयार होतो.

क्रिकेटमध्यें चेंडू फलंदाजापर्यंत पोंचण्यापूर्वीं बहुधा जमिनीस लागतो. म्हणून तेथें जागा म्हणजे टप्पा. टप्पा असा पडावा कीं, पाय पुढें टाकावा कीं मागें घ्यावा याविषयीं फलंदाजाच्या मनांत क्षणभर द्विधा उत्पन्न व्हावी. त्या क्षणभरांतच गोलंदाजाचें सारें भांडवल आहे. टप्पा हातभर आंखूड पडला तर फलंदाज मागें सरून चेंडू निवांतपणें टोलावतो, हातभर पुढें पडला तर पुढें येऊन उचलतो. ही हातभर जागा हस्तगत होण्यास उपाय एकच: खेळपट्टीवर रुमाल किंवा कागदाचा तुकडा ठेवून त्यावर पुन्हां पुन्हां चेंडू टाकीत राहणें, आणि प्रत्येक चेंडूनंतर कोठें चुकलें तें कळणें. नुसतें टाकीत राहिल्यानें हात तयार होतो खरा, पण चुकीचाही तयार होतो. चूक दाखवणारा कोणी तरी पलीकडच्या टोंकास असावा लागतो.

ही विद्या आपल्या मराठी मुलखांत कोणी व कशी कमावली, याचा मागोवा घेऊं लागलें म्हणजे परभणीहून पुण्यास जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता, आणि १९४८ पर्यंत तो तेथेंच राहिला. इंग्रजी पलटणींच्या छावण्यांभोंवतीं वाढलेलें क्रिकेट आपल्या लोकांत प्रथम रुजलें तें मुंबईंत आणि पुण्यांत. त्यांतही चेंडू नेमक्या जागीं टाकण्याच्या शिक्षणाची सर्वांत ठळक हकीकत पुण्याच्या एका गोऱ्यांच्या क्लबांतली आहे. शिक्षण असें मीं म्हटलें खरें. पण शिकवण्याचा हेतु तेथें कोणाचाच नव्हता.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतल्या पालवण गांवचें; जात चांभार, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणें अस्पृश्य. वडिलांची नोकरी पुण्यांत लष्कराच्या आश्रयानें होती. तेथें गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेलें क्रिकेटचें सामान घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम खेळावयास शिकले. पुढें पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबांत बाळूंना नोकरी लागली. खेळपट्टी झाडावयाची, तिच्यावर रूळ फिरवावयाचा आणि सभासदांची मर्जी झाली म्हणजे त्यांस चेंडू टाकावयाचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबांत आले. येथें गोरे अंमलदार खेळत. पगार एका रुपयानें वाढला आणि काम त्याहून पुष्कळ अधिक वाढलें: रूळ फिरवणें, रेघा आंखणें, सरावासाठीं जाळीं उभारणें, शिवाय टेनिसचीं मैदानेंही आंखून देणें.

ट्रॉस नांवाच्या एका गोऱ्या गृहस्थानें बाळूंना प्रथम जाळ्यांत गोलंदाजी करावयास सांगितलें. कॅप्टन बार्टन म्हणून एक डावखुरे गोलंदाज त्या वेळीं पुण्यांत होते. त्यांची धांव व हात फिरवण्याची लकब अत्यंत सुरेख असे. बाळूही डावखुरेच, तेव्हां त्यांनीं तीच लकब डोळ्यांनीं टिपून घेतली. पुस्तक नाहीं, शिक्षक नाहीं. रूळ ओढतां ओढतां पाहून घेतलेली ही पहिली दीक्षा.

खरा अभ्यास मात्र जे. जी. ग्रेग यांच्यापुढें झाला. ग्रेग हे लष्करी अधिकारी. ते इंग्लंडांत हँपशायर परगण्याकडून खेळत आणि हिंदुस्थानांत त्या काळचे अव्वल दर्जाचे युरोपियन फलंदाज म्हणून त्यांचा लौकिक होता. प्रेक्षक त्यांस 'जंगली' ग्रेग म्हणत. अंगानें लहान, पण पायांची हालचाल विलक्षण चपळ. इतर सभासद येण्यापूर्वीं तासभर आधीं ते मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. अशी आख्यायिका आहे कीं, बाळूंनीं त्यांस बाद केलें म्हणजे दर खेपेस ते आठ आणे बक्षीस देत. खरी असो वा नसो, हिशेब करून पाहण्यासारखी आहे: महिन्याभरांत ग्रेग आठ वेळां बाद झाले तर बाळूंच्या पदरांत एक पगार आणखी पडे.

या तासाचा विचार केला म्हणजे त्यांतली शिक्षणाची युक्ति ध्यानांत येते. चपळ पायांच्या फलंदाजास हुलकावणी देणें सर्वांत कठीण, कारण चेंडू हातभर चुकला तरी तो त्या चुकीपर्यंत पायांनीं पोंचतो. स्थूल फलंदाजापुढें जो टप्पा चांगला ठरेल, तो ग्रेग यांच्यापुढें पोरखेळ ठरे. जाळ्यांत यष्टिरक्षक नसतो, म्हणून पाठीमागून हातमोजा दाखवणारें कोणी नव्हतें. परंतु प्रत्येक चेंडूचा निकाल ग्रेग यांच्या बॅटीवर त्याच क्षणीं लिहिला जाई. कडक आवाज निघाला कीं टप्पा चुकला. आवाज बोथट निघाला, किंवा बॅट चेंडूस शोधीत राहिली, कीं टप्पा साधला. रोज तीच बॅट, तोच फलंदाज, तीच बावीस यार्डांची पट्टी. आणि हें एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षें. उजव्या यष्टीच्या रोखानें टाकलेला चेंडू डाव्या यष्टीकडे वळवणें, तीच हालचाल ठेवून वेग कमी-जास्त करणें, हवेंत चेंडू थोडा अधिक वेळ राखणें, या बाळूंच्या पुढें प्रसिद्धीस आलेल्या साऱ्या करामती ज्या एका पायावर उभ्या राहिल्या तो पाया म्हणजे हा बिनचूक टप्पा होय.

आतां दुसरी बाजू. पूना क्लबांत इतकीं वर्षें हजारों चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हातीं तेथें फलंदाजीसाठीं बॅट एकदांही देण्यांत आली नाहीं. याचें कारण केवळ वर्णद्वेषांत शोधून भागणार नाहीं. खुद्द इंग्लंडांतही फलंदाजी सरदार-जहागीरदारांनीं करावी आणि गोलंदाजीचे कष्ट पगारी माणसानें उपसावे अशीच रीत होती. गोलंदाजी ही मजुरी समजली जाई. तींत बुद्धीचा भाग आहे, कोणता चेंडू कोठें टाकावा हा विचार फलंदाजाच्या विचाराहून दोन पावलें पुढें असावा लागतो, ही गोष्ट कबूल करण्याची तयारी फारशी कोणाची नव्हती. माझ्या मतें बाळूंच्या पुढील साऱ्या कथेची किल्ली येथेंच आहे.

पुण्याच्या हिंदूंचा संघ गोऱ्यांशीं सामना खेळण्याचे बेत करूं लागला तेव्हां बाळूंना घ्यावें कीं न घ्यावें असा वाद पडला. संघांतले तेलगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांपैकीं कित्येक कां-कूं करीत होते. तेवढ्यांत स्वतः ग्रेग यांनीं वर्तमानपत्रांत उघड सांगितलें कीं, अशा गोलंदाजास दूर ठेवणें हा हिंदूंचा मूर्खपणा होईल. अखेर बाळू संघांत आले. मैदानावर सगळे त्याच चेंडूस हात लावीत. मधल्या सुट्टींत मात्र इतरांना चहा आंत चिनी मातीच्या पेल्यांतून मिळे, आणि बाळूंना मंडपाबाहेर खापराच्या भांड्यांतून. तोंड धुवावयाचें झालें तर त्यांच्याच जातीचा कोणी चाकर एका कोपऱ्यांत पाणी घेऊन येई. जेवणाचें ताट निराळें आणि टेबलही निराळें. चेंडूनें विटाळ होत नाहीं, चहाच्या पेल्यानें होतो, हें शास्त्र कोणत्या स्मृतींत सांगितलें आहे तें मला ठाऊक नाहीं.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशीं सामना ठरला, तेव्हां यजमानांनीं बाळूंच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती दगडासारखी करविली. त्यांचा तर्क अर्धाच बरोबर होता. टणक खेळपट्टीनें चेंडूचें वळण कमी होतें, पण चेंडू पडावयाचा कोठें हें खेळपट्टीच्या हातीं नसतें. बाळूंनीं सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ सहज विजयी झाला. या विजयानंतर पुण्यांत झालेल्या समारंभांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं बाळूंना हार घातला. ज्याच्याबरोबर आपण खेळतों त्याच्याबरोबर खाणेंपिणेंही झालें पाहिजे, असें त्यांनीं संघांतल्या मंडळींस बजावलें.

१८९६ नंतर प्लेगच्या धुमाळींत पुण्याचीं पुष्कळ कुटुंबें पांगलीं. बाळू मुंबईस आले. तेथें ते रेल्वेच्या संघाकडून खेळले आणि परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांतही, थोडी कुरकूर होऊन, त्यांस प्रवेश मिळाला. १९०६ सालीं हिंदूंनीं मुंबईंत युरोपियनांशीं पहिला मोठा सामना खेळला. हिंदूंच्या धांवा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदु संघ १०९ धांवांनीं विजयी झाला. दुसऱ्या डांवांत युरोपियनांना विजयास २१२ धांवा हव्या होत्या, आणि निम्म्याही झाल्या नाहींत. त्या काळीं तिन्ही यष्ट्या मिळून रुंदी ८ इंच होती. ती ९ इंच झाली १९३१ सालीं, म्हणजे बाळू खेळांतून निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनीं. आजच्यापेक्षां एक इंच अरुंद निशाण त्यांच्यापुढें होतें, हें त्यांचे आंकडे वाचतांना विसरूं नये.

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपेंद्रसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघाची कामगिरी एकंदरींत निराशाजनक झाली. महाराजांचें लक्ष मेजवान्यांकडे अधिक होतें. बाळूंनीं मात्र त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डांवांत त्यांनीं १०३ धांवांत ८ गडी बाद केले. वय पस्तीस, खांदा दुखत असलेला, खेळपट्ट्या व हवा परकी. यष्टीमागें होते मद्रासकडचे शेषाचारी. पुण्याच्या जाळ्यांत जो साथीदार कधींच नव्हता, तो आतां होता.

यष्टिरक्षक आणि गोलंदाज, किंवा अमेरिकन भाषेंत कॅचर आणि पिचर, यांच्या या साथीमध्यें समाजाचे भेद कसे आड येतात, याचें एक उदाहरण खुद्द अमेरिकेंतलें सांगण्याजोगें आहे. १८८४ सालीं टोलेडो शहराच्या बेसबॉल संघांत मोझेस फ्लीटवुड वॉकर नांवाचे नीग्रो कॅचर होते. त्याच संघांतल्या टोनी मुलेन या गोऱ्या पिचरनें पुढें स्वतःच कबूल केलें कीं, वॉकर हे आपण पाहिलेले सर्वोत्तम कॅचर. परंतु नीग्रोच्या खुणा पाळावयाच्या नाहींत म्हणून आपण वाटेल तसा चेंडू टाकीत असूं. वॉकर यांना पुढचा चेंडू कोठें येणार हें कळत नसे, तरी ते झेलीत. झेलण्याचे कष्ट नीग्रोनें करावे, पण जागा त्यानें सांगूं नये! लवकरच मोठ्या संघांचीं दारें काळ्या खेळाडूंस बंद झालीं आणि साठांवर वर्षें बंद राहिलीं.

तीं दारें उघडलीं ब्रुकलिन डॉजर्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन त्यांच्या संघाकडून मैदानांत उतरले. याच रिकी यांची दुसरी ओळख म्हणजे पिचरांचे शिक्षक. व्हेरो बीच येथें १९४८ पासून संघाचा सराव चाले, तेथें त्यांनीं खांबांना दोऱ्या ताणून पाटीवर एक चौकट उभी केली होती. पिचरनें त्या चौकटीच्या कोपऱ्यांतून चेंडू काढावयाचा. चेंडू कोणत्या दोरीस लागला कीं कोणत्या दोरीच्या आंतून गेला तें पिचरला डोळ्यांनीं दिसे, आणि शिक्षकास तोंड उघडावें लागत नसे. (दोन बांबू आणि सुतळीचा एक तोडा, एवढ्या खर्चांत ही चौकट सेलूच्या किंवा जिंतूरच्या कोणत्याही शाळेस उभारतां येईल.) त्याच १९४८ सालीं रॉय कॅम्पानेला हे नीग्रो कॅचर त्या संघांत आले. पाठीमागें बसून त्यांनीं बोटें दाखवावीं आणि गोऱ्या पिचरांनीं त्याबरहुकूम चेंडू टाकावा, असें नित्य घडूं लागलें. १९५१, १९५३ आणि १९५५ अशा तीन सालीं आपल्या लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान त्यांस मिळाला.

क्रिकेटमध्यें जागा ठरवण्याचा हा अधिकार कॅचरकडे नसतो. तो गोलंदाजाकडे आणि त्याहूनही अधिक कप्तानाकडे असतो. क्षेत्ररक्षक कोठें उभे करावे तें कप्तान ठरवतो, आणि क्षेत्ररक्षक जेथें असतील त्यास जुळेल असाच टप्पा गोलंदाजास टाकावा लागतो. म्हणून हिंदु संघाचें कप्तानपद हा बाळूंच्या बाबतींत नुसत्या मानाचा प्रश्न नव्हता. संघांतल्या सर्वांत जाणत्या गोलंदाजानें स्वतःच्या गोलंदाजीची मांडणी स्वतः करावी कीं नाहीं, असा तो प्रश्न होता. चौरंगी सामन्यांच्या काळांत वर्षामागून वर्ष गेलें आणि कप्तानपद इतरांकडेच राहिलें. बाळूंचे धाकटे बंधु शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही या काळांत हिंदु संघांत आले होते.

१९२० सालीं तर बाळूंना प्रथम संघांतूनच वगळण्यांत आलें. तेव्हां विठ्ठल आणि शिवराम यांनीं निषेधाचें पत्रक काढून खेळण्याचें नाकारलें. वृत्तपत्रांत चर्चा झाली, लोकमत क्षुब्ध झालें, आणि अखेर तडजोड म्हणून बाळूंना उपकप्तान नेमून परत बोलावण्यांत आलें. त्या वेळीं ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. सामना चालू असतां कप्तान एम. डी. पै यांनीं कांहीं वेळ मैदान सोडलें आणि संघाचीं सूत्रें बाळूंच्या हातीं दिलीं. पै यांचा हा मनाचा मोठेपणा कोणीही मान्य करील; तरी पण ज्यानें चौदा वर्षांपूर्वीं मुंबईंत गोऱ्यांचा पराभव घडवून आणण्यास हात लावला, त्याच्या वांट्यास नेतृत्व आलें तें असें, दुसऱ्यानें उठून जागा दिली म्हणून.

पूर्ण अधिकारानें कप्तानपद त्या घरांत आलें तें १९२३ सालीं, विठ्ठल यांच्याकडे. त्या वर्षीं हिंदु संघानें युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले आणि लोकांनीं विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतलें. विठ्ठल हे फलंदाज होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. त्यांनीं १९४८ सालीं 'माझें क्रीडा-जीवन' या नांवानें आपल्या आठवणी मराठींत प्रसिद्ध केल्या.

बाळू पुढें राजकारणांत उतरले. १९३७ सालीं मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि थोडक्या मतांनीं पराभूत झाले. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नांवावर १७९ बळी आहेत, दर बळीमागें धांवा १५.२१. पूना क्लबाच्या जाळ्यांतले चेंडू या हिशेबांत नाहींत. ४ जुलै १९५५ रोजीं ते मुंबईंत वारले.